झाडाच्या खोडाची हंगामी वाढ पोलादी पट्ट्याने कशी मोजावी

शेताच्या बांधावरचा साधारण एक मीटर घेराचा साग वर्षभरात घेराने दीड-दोन सेंटिमीटर वाढला, तर ती चांगली वाढ म्हणावी लागेल. ही वाढ बारा महिन्यांत सारखी विभागलेली नसते. आपल्याकडच्या पानझडी झाडांत ती बहुतांशी जून ते ऑक्टोबर या काळातच उरकते, म्हणजे भर पावसाळ्यातही पंधरवड्याला दोन मिलिमीटरच्या आसपासच घेर वाढतो. मोजपट्टी खोडाभोवती गुंडाळताना ती जराशी तिरपी बसली, सालीच्या एखाद्या खपलीवर चढली किंवा कमी-अधिक ताणली गेली, तरी दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. जितकी वाढ तितकीच चूक, अशी ही स्थिती आहे. त्यामुळे वर्षातून एकदा घेर मोजायला मोजपट्टी पुरते. परंतु वाढ कोणत्या पंधरवड्यात सुरू झाली, पावसाने ओढ दिली तेव्हा ती थांबली का, आणि परतीच्या पावसानंतर ती किती दिवस टिकली, हे तिच्या साहाय्याने कळत नाही. त्यासाठी खोडावर कायमचा बसवलेला, स्प्रिंगने ताणलेला पोलादी पट्टा लागतो. वनशास्त्रात त्याला डेन्ड्रोमीटर पट्टा म्हणतात. तो विकत मिळतो, पण थोड्या मेहनतीने घरीही करता येतो आणि घरी केलेल्या पट्ट्यावर काळजीपूर्वक वाचन केले तर पाव मिलिमीटरचा फरकही वाचता येतो.

पट्टा करणे आणि बसवणे हे दोन-तीन तासांचे काम आहे. खरी अडचण त्यानंतर येते, कारण पट्टा खोडाचा घेर दाखवतो आणि घेर वाढण्याचे एकच कारण नसते. नवे लाकूड तयार झाले तरी घेर वाढतो आणि सुकलेल्या खोडात पाणी भरले तरीही वाढतो. या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या नाहीत, तर पट्ट्याने घेतलेल्या नोंदी कितीही बारीक असल्या तरी त्यांतून चुकीचाच निष्कर्ष निघतो. म्हणून साधनांकडे वळण्याआधी खोडाच्या आत काय घडते ते पाहणे आवश्यक आहे.

खोडात काय वाढते आणि काय फुगते

साल आणि लाकूड यांच्यामध्ये जिवंत, सतत विभागणाऱ्या पेशींचा एक अतिशय पातळ थर असतो. त्याला कँबियम म्हणतात. हा थर आतल्या बाजूस जलवाहिन्या म्हणजेच लाकूड तयार करतो आणि बाहेरच्या बाजूस रसवाहिन्या तयार करतो. पुढे जुन्या रसवाहिन्या सालीत जमा होतात. आत तयार होणारे लाकूड बाहेरच्या भागापेक्षा पुष्कळ जास्त असल्यामुळे घेरातली कायमची वाढ मुख्यतः लाकडाची असते. सागामध्ये हंगामाच्या सुरुवातीला मोठ्या वाहिन्यांचा पट्टा तयार होतो आणि नंतरचे लाकूड घट्ट होत जाते, म्हणून त्याच्या ओंडक्यावर वार्षिक वलये स्पष्ट दिसतात. उष्ण कटिबंधातल्या ज्या थोड्या वृक्षांच्या वलयांवर वर्षांच्या मोजणीसाठी भरवसा ठेवता येतो, त्यांत साग प्रमुख आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील पंत आणि बोरगावकर यांनी ठाणे परिसरातल्या सागाच्या वलयांचा प्रादेशिक हवामानाशी लावलेला संबंध १९८३ साली प्रसिद्ध झाला. वलय मात्र वर्षाचा एकत्रित हिशेब सांगते. पट्टा त्याच वर्षाचा पंधरवड्यागणिक हिशेब देतो.

आता पाण्याकडे वळू. दिवसा पाने बाष्प सोडतात तेव्हा खोडातले पाणी मुळांकडून होणाऱ्या पुरवठ्यापेक्षा वेगाने वर खेचले जाते आणि खोड, विशेषतः सालीचा आतला जिवंत भाग, किंचित आकसतो. रात्री तो पुन्हा भरतो. यामुळे खोडाचा घेर साधारणपणे पहाटेच्या सुमारास सर्वांत जास्त आणि दुपारनंतर सर्वांत कमी असतो. हेच चक्र ऋतूंच्या पातळीवर मोठ्या प्रमाणात चालते. हिवाळ्यापासून जमिनीतला ओलावा कमी होत जातो तसा घेर हळूहळू उतरतो, आणि पहिल्या चांगल्या पावसानंतर काही दिवसांतच तो झपाट्याने भरून निघतो. पट्टा पहिल्यांदाच लावणारा प्रत्येक जण जूनच्या शेवटी ही उडी पाहून आनंदित होतो. मीही पहिल्या वर्षी ती वाढ म्हणूनच वहीत लिहिली होती. पुढच्या उन्हाळ्यात घेर खाली आला तेव्हा तिच्यातला बराच भाग केवळ पाण्याचा होता हे ध्यानात आले.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. पाने पूर्ण गळून गेली की बाष्प सोडणे जवळजवळ थांबते, आणि मुळांना खोलवर थोडा ओलावा मिळत असेल तर पाऊस नसतानाही खोडात पाणी परत भरू लागते. कोशिंब किंवा पिंपळ ऐन उन्हाळ्यात नव्या तांबूस पालवीने डवरतात, ते या साठ्याच्या बळावर. अशा झाडांच्या पट्ट्यावर मार्च-एप्रिलमध्येच घेर किंचित वाढलेला दिसला, तर तो मोजणीतला दोष समजून खोडू नये.

झाडांची निवड

ज्यांच्या खोडात कँबियम नसते अशी झाडे प्रथम बाजूला ठेवावीत. नारळ, सुपारी, ताड आणि बांबू यांची खोडे साग किंवा आंब्याप्रमाणे वर्षागणिक थर चढवून जाड होत नाहीत. बांबूचा कोंब जमिनीतून वर येतो तेव्हाच त्याची जाडी ठरलेली असते. वड आणि त्याच्यासारखी पारंब्यांची झाडेही या कामाला गैरसोयीची आहेत, कारण पारंब्या मुख्य खोडाला चिकटून त्यात मिसळत जातात आणि घेर एका खोडाचा राहत नाही.

सुरुवातीला साग, ऐन, आंबा, जांभूळ, शिवण अशा सरळ, गोलसर खोडाच्या झाडांपैकी एकाच जातीची पाच-सात झाडे घ्यावीत. एकाच झाडावर पट्टा लावून त्या जातीबद्दल काही म्हणता येत नाही, कारण शेजारी उभी असलेली दोन झाडेही सारखी वाढत नाहीत. ज्याच्या शेंड्याला मोकळे ऊन मिळते ते आणि ज्याच्यावर दुसऱ्याची सावली पडते ते यांच्यातला फरक अनेकदा पावसाच्या फरकापेक्षा मोठा असतो. म्हणून निवडलेल्या झाडांत लहान, मध्यम आणि मोठ्या घेराची, तसेच मोकळ्यातली आणि दाटीतली अशी दोन्ही झाडे असावीत. ऐनाची निवड करताना त्याची साल ध्यानात घ्यावी. मगरीच्या पाठीसारख्या खोल भेगांची ती जाड साल पाणी पिऊन बरीच फुगते, त्यामुळे ऐनाच्या नोंदींत पाण्याचा भाग मोठा निघतो. अर्जुन सादडा सालीचे मोठे पापुद्रे टाकतो, आणि पट्ट्याखालचा पापुद्रा निसटला की घेर एकदम उतरलेला दिसतो. नवख्यासाठी मी सागच सुचवेन.

घेर छातीच्या उंचीवर मोजण्याची पद्धत आहे. भारतीय वनशास्त्रात ही उंची साडेचार फूट, म्हणजे १.३७ मीटर धरतात; अनेक देशांत ती १.३ मीटर असते. आपल्या नोंदी दुसऱ्या कोणाच्या नोंदींशी ताडून पाहायच्या असतील, तर कोणती उंची घेतली हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिले पाहिजे. उतारावरच्या झाडाची उंची चढाकडच्या बाजूने मोजावी. कललेल्या झाडाची उंची जमिनीपासून सरळ वर न मोजता खोडाच्या अंगाने, कलाच्या आतल्या बाजूवर मोजावी. त्या उंचीच्या खालीच खोडाला दोन फाटे फुटले असतील, तर प्रत्येक फाटा स्वतंत्र झाड मानावा. नेमक्या त्याच जागी गाठ, फांदीचा जुना बुंधा किंवा फुगवटा असेल, तर पट्टा थोडा वर घेऊन प्रत्यक्ष उंची लिहून ठेवावी. आधारमुळे असलेल्या सावरीसारख्या झाडावर तो आधारमुळे संपतात त्याच्या बराच वर बांधावा लागतो.

लाकडाचा अंदाज घेराने करण्याची ही रीत जुनी आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ डीट्रिख ब्रँडिस यांची १८५६ साली ब्रह्मदेशातल्या पेगू येथील सागवनांवर नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी उभ्या सागांचे घेरानुसार वर्ग पाडून एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायला झाडाला किती वर्षे लागतात याचा अंदाज बांधला, आणि त्यावरून दरवर्षी किती झाडे तोडणे परवडेल हे ठरवले. ज्याला स्वतःच्या बांधावरचे साग कधी काढायचे हे ठरवायचे आहे, त्याच्यापुढे आजही हाच प्रश्न असतो.

पट्टा तयार करणे

पट्ट्यासाठी गंजरोधक पोलादाची, म्हणजे स्टेनलेस स्टीलची, सुमारे १२ मिलिमीटर रुंद आणि ०.२ मिलिमीटरच्या आसपास जाडीची लवचीक पट्टी घ्यावी. साधे लोखंड पहिल्याच पावसात गंजते आणि गंजलेली पट्टी सालीवरून सरकत नाही. पेट्या बांधायची प्लास्टिकची पट्टी स्वस्त असली तरी ती उन्हाने ठिसूळ होते आणि ताणाखाली हळूहळू लांबते. मोजण्याचे साधनच लांबत असेल तर त्याचा उपयोग नाही. पट्टीची लांबी खोडाच्या घेरापेक्षा २५ ते ३० सेंटिमीटर जास्त असावी. त्याशिवाय कमी ताठर अशी, हुक असलेली १० ते १५ सेंटिमीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची स्प्रिंग, पत्रा कापायची कात्री, कानस, पत्र्याला भोक पाडायचे हत्यार, टोकदार खिळा आणि व्हर्नियर कॅलिपर (सरकत्या जबड्यांनी बारीक अंतर मोजायचे साधन) एवढे साहित्य लागते. आकडे दाखवणारा डिजिटल कॅलिपर वाचायला सोपा असतो, पण कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या पावसात त्याच्या आत पाणी जाते. ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचणारा साधा व्हर्नियर कॅलिपर या कामाला अधिक भरवशाचा आहे.

पट्टी कापल्यावर तिच्या सर्व कडा आणि कोपरे कानशीने घासून गुळगुळीत करावेत. पातळ पत्र्याची कड सुरीसारखी कापते, तेव्हा हातमोजे घालूनच काम करावे. त्याच पट्टीचा पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा घेऊन पट्टीभोवती सैलसर दुमडावा. कमरेच्या पट्ट्याचे मोकळे टोक ज्या घरात अडकवतो तशी ही कडी होते. पट्टीचे एक टोक या कडीतून घालून दोन सेंटिमीटर मागे दुमडले, की कडी त्या टोकाशी पक्की बसते. पट्टीचे दुसरे टोक खोडाला वळसा घालून याच कडीतून बाहेर यायचे आहे, म्हणून त्याला अडथळ्याशिवाय सरकण्याइतकी जागा कडीत ठेवावी. मोकळ्या टोकाजवळ एक भोक पाडावे. स्प्रिंगचे एक हुक या भोकात आणि दुसरे हुक पट्टीच्या अंगावर, मोकळ्या टोकाच्या पुढे स्प्रिंग ताणलेली राहील इतक्या अंतरावर पाडलेल्या दुसऱ्या भोकात अडकते. स्प्रिंग मोकळ्या टोकाला कडीतून पुढे ओढत राहते, त्यामुळे पट्टा खोडाला घट्ट बिलगून राहतो. खोड जाड झाले की मोकळे टोक थोडे मागे जाते आणि स्प्रिंग ताणली जाते.

मोजण्याची खूण शेवटी करायची असते. पट्टा खोडावर बसवल्यावर, पट्टी कडीत जिथे शिरते त्या बाजूला, कडीच्या काठापासून सुमारे १० मिलिमीटरवर टोकदार खिळ्याने पट्टीवर आडवी, बारीक रेघ कोरावी. शाईची रेघ टिकत नाही. घेर वाढेल तशी ही रेघ कडीच्या काठापासून दूर जाते, आणि अंतरात जितकी भर पडते तितकीच घेरात पडलेली असते. खूण कडीच्या जवळच ठेवण्यामागे भूमितीचे कारण आहे. पट्टा खोडाच्या वळणावर असतो, पण कॅलिपर सरळ रेषेत मोजतो. एक मीटर घेराच्या खोडावर वळणाने ६० मिलिमीटर असलेले अंतर कॅलिपरवर सुमारे ५९.६ मिलिमीटर भरते. दहा-वीस मिलिमीटरच्या अंतरात हा फरक नगण्य असतो.

बसवण्याची पद्धत आणि वेळ

निवडलेल्या उंचीवर खोडाभोवती सैल झालेल्या खपल्या, शेवाळ आणि वाळवीची माती हाताने किंवा नारळाच्या काथ्याने घासून काढावी. सालीची जिवंत बाजू उघडी पडेल इतके खरवडू नये, आणि कोयत्याने साल तासून सपाट जागा करणे तर कटाक्षाने टाळावे. जखम झाल्यावर झाड तिथे नव्या पेशींची गाठ चढवते आणि मोजायची वाढच बिघडते. पट्टा टेकवण्यासाठी खिळे ठोकणेही याच कारणाने चुकीचे आहे. पट्टा सर्व बाजूंनी एका पातळीत आहे ना, हे खोडाभोवती फिरून पाहावे. स्प्रिंग तिच्या मूळ लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी ताणलेली असावी. इतक्या ताणाने पट्टा खाली घसरत नाही आणि पुढच्या वाढीसाठी पुरेशी मोकळीक राहते. कडी उत्तरेच्या बाजूस घ्यावी, म्हणजे वाचन करायच्या जागी थेट ऊन कमी येते. जवळच गेरूने झाडाचा क्रमांक लिहावा.

नव्या पट्ट्याच्या पहिल्या काही आठवड्यांतल्या नोंदी वाढ म्हणून धरू नयेत. या काळात पट्टा खपल्यांवर दबून बसत असतो, त्यामुळे घेर कमी होत असल्याचे दिसते किंवा खरी वाढ झाकली जाते. म्हणूनच हिवाळ्यात पट्टा बसवून उन्हाळाभर त्याला स्थिर होऊ द्यावे, असे बहुतेक ठिकाणी सुचवले जाते. माझे मत थोडे वेगळे आहे. पट्टा जुलैत बसवावा. त्या पावसाळ्यातली वाढ आपल्या हिशेबात येत नाही हे खरे, परंतु सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तो स्थिर होतो आणि खोड पाण्याने पूर्ण भरलेले असतानाचा त्या वर्षाचा सर्वांत मोठा घेर आपल्याला मिळतो. पुढच्या वर्षीची वाढ याच आकड्यापासून मोजायची असल्यामुळे हिवाळ्यात बसवलेल्या पट्ट्याला जे साधत नाही, ते यात साधते.

झाड स्वतःच्या मालकीच्या जमिनीवर नसेल, तर आधी परवानगी घ्यावी: वनजमिनीवर वनविभागाची, आणि शहरात रस्त्याकडेच्या किंवा बागेतल्या झाडासाठी महापालिकेच्या उद्यान विभागाची किंवा वृक्ष प्राधिकरणाची. गावातल्या लोकांना आणि गुराख्यांना पट्टा कशासाठी आहे हे समजावून सांगणे त्याहूनही उपयोगी पडते, कारण चकचकीत पोलाद पाहून ते काढून नेण्याचा मोह होतो आणि मुलांना स्प्रिंग ओढून पाहावीशी वाटते.

नक्षत्रांच्या अंतराने नोंदी

पंधरवड्यातून एकदा वाचन करणे पुरेसे असते. त्याहून जवळजवळ घेतलेल्या वाचनांत वाढीपेक्षा हवेतल्या ओलाव्याचा चढउतारच अधिक दिसतो. आपल्याकडे पावसाची नक्षत्रे तेरा-चौदा दिवसांची असल्यामुळे नोंदींसाठी ती तयार वेळापत्रकच आहेत: ७-८ जूनला मृग, २१-२२ जूनला आर्द्रा, जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू, २० जुलैच्या सुमारास पुष्य, त्यानंतर आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, आणि सप्टेंबरच्या शेवटी हस्त. प्रत्येक नक्षत्र लागते त्या दिवशी वाचन घेतले, तर तारखा लक्षात राहतात आणि शेजारच्या शेतकऱ्याला ‘आर्द्रा कोरडी गेली तेव्हा झाड थांबले होते’ असे त्याच्या परिचयाच्या भाषेत सांगता येते. हिवाळा-उन्हाळ्यात महिन्यातून एकदा वाचन चालेल, परंतु २५ मेच्या सुमारास रोहिणी लागताना एक वाचन न चुकता घ्यावे, कारण त्या वेळी खोड बहुधा सर्वांत सुकलेले असते.

वाचन नेहमी सकाळी, शक्यतो सात ते नऊच्या दरम्यान घ्यावे. खोडाच्या दैनंदिन आकुंचनाचे कारण वर आलेच आहे. दुसरे कारण पट्ट्याचे स्वतःचे प्रसरण. स्टेनलेस स्टील एका अंशाला लांबीच्या लाखात सुमारे १.७ भागांनी वाढते. म्हणजे पट्टा १५ अंशांनी तापला, तर एक मीटर लांबीला सुमारे पाव मिलिमीटरची भर पडते. कोरड्या पंधरवड्यातली खरी वाढ याहून कमी असू शकते.

कॅलिपर पूर्ण मिटवून शून्य तपासावे, मग कडीच्या काठापासून रेघेपर्यंतचे अंतर दोनदा मोजावे. दोन्ही आकड्यांत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, तर तिसऱ्यांदा मोजावे. पट्टा हाताने हलवू किंवा वर-खाली करू नये. शक्य असेल तर सर्व नोंदी एकाच व्यक्तीने घ्याव्यात, कारण रेघेची कोणती कड धरायची याबद्दल दोन माणसांची सवय वेगळी असते. नोंदवहीत पेन्सिलने लिहावे. तारीख, वेळ, अंतर, मागील दोन-तीन दिवसांतला पाऊस आणि झाडाची अवस्था यांसाठी वेगवेगळे रकाने आखावेत. झाडाची अवस्था म्हणजे पालवी फुटली का, पाने पूर्ण उमलली का, फुलोरा आहे का, पाने पिवळी पडू लागली का, किडीने पाने खाल्ली का. सागाची पाने कधीकधी पावसाळ्यातच किडीने जाळीदार होतात, आणि तेव्हा घेर का थांबला याचे उत्तर केवळ पावसाच्या आकड्यांत सापडत नाही. रायगड-ठाण्याच्या पट्ट्यात भाताच्या राबासाठी, म्हणजे रोपे करायच्या जागी पालापाचोळा जाळण्यासाठी, ऐनाच्या फांद्या छाटतात. ज्या ऐनाचा टहाळ उतरवला, त्याची त्या वर्षीची नोंद वेगळ्या खुणेने दाखवावी.

घेर उतरल्याचा आकडा आला, तर तो दुरुस्त करू नये. तो जसा आला तसा लिहावा आणि पट्टा घसरला का, साल निसटली का, खाली वाळवी आली का, हे पाहून शेरा लिहावा.

पाण्याचा भाग वजा करणे

हिशेबाचा नियम सोपा आहे: नवी वाढ तेव्हापासून मोजावी जेव्हा घेर त्याच्या आधीच्या सर्वांत मोठ्या आकड्याच्या पुढे जातो. त्या आकड्यापर्यंतची चढण म्हणजे गमावलेले पाणी परत भरणे होय.

उदाहरणासाठी एक मीटर घेराच्या सागाचे पुढील आकडे कल्पावेत. मागच्या ऑक्टोबरमध्ये कडी ते रेघ हे अंतर २१.४० मिलिमीटरपर्यंत गेले. हा त्या वर्षाचा कमाल आकडा. हिवाळा-उन्हाळ्यात ते उतरत रोहिणी लागताना १८.९० झाले. मृगाच्या पावसानंतर, आर्द्रा लागताना ते २१.१० आले. पंधरवड्यात २.२० मिलिमीटरची ही उडी वर्षातल्या मोठ्या उड्यांपैकी आहे, पण आकडा अजून २१.४० च्या खालीच असल्यामुळे वाढीच्या रकान्यात शून्य लिहायचे. पुनर्वसू लागताना २१.६० आले, तेव्हा वाढ ०.२० मिलिमीटर. चित्रा लागली तेव्हा, १० ऑक्टोबरच्या सुमारास, अंतर ३८.२० होते. वर्षाची वाढ ३८.२० वजा २१.४०, म्हणजे घेरात १६.८० मिलिमीटर. हीच वाढ उन्हाळ्यातल्या नीचांकापासून मोजली असती, तर १९.३० आली असती, म्हणजे सुमारे १५ टक्के जास्त.

घेरातली वाढ ३.१४१६ ने भागली की व्यासातली वाढ मिळते: ५.३५ मिलिमीटर. तिचा निम्मा भाग, सुमारे २.७ मिलिमीटर, म्हणजे त्या वर्षाच्या वलयाची सरासरी जाडी. पट्टा सालीवरून मोजत असल्यामुळे तिच्यात सालीची थोडी वाढही मिसळलेली असते. लाकडाच्या दृष्टीने मात्र आडव्या छेदाचे क्षेत्रफळ अधिक अर्थपूर्ण असते. ते घेराच्या वर्गाला १२.५७ ने भागून काढतात. शंभर सेंटिमीटरचा घेर १०१.६८ झाला, तर छेद सुमारे २७ चौरस सेंटिमीटरने वाढतो. तितकीच घेरवाढ ५० सेंटिमीटरच्या झाडात झाली, तर क्षेत्रफळातली भर जवळजवळ निम्मीच असते. म्हणून लहान-मोठ्या झाडांची तुलना केवळ घेराच्या आकड्यांवर करू नये.

हा नियमही पूर्णपणे निर्दोष नाही. आर्द्रात झाडाने खरेच थोडे लाकूड केले असेल, तर ते पाणी भरण्याच्या चढणीखाली झाकले जाते, आणि वाढीचा प्रारंभ आपल्या हिशेबात काही दिवस उशिरा दिसतो. वर्षाच्या एकूण आकड्याला त्याने बाधा येत नाही, फक्त प्रारंभाच्या तारखेबद्दल बोलताना जपून बोलावे. सालीचे फुगणे किती आहे हे पाहायचे असेल, तर जवळ त्याच जातीचे साल शाबूत असलेले वठलेले झाड शोधून त्यावरही एक पट्टा लावावा. त्यात कँबियम जिवंत नसल्यामुळे जो काही चढउतार दिसेल तो साल आणि लाकूड ओले-कोरडे होण्याचा असतो. ऐनाच्या बाबतीत मी ही तुलना आवश्यकच मानतो.

पट्टा लावलेल्यांपैकी एखादा साग पुढे तोडला गेला, तर पट्ट्याच्या जागेची दोन बोटे जाडीची चकती मागून घ्यावी. तिला आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपर मारून चारही दिशांना शेवटच्या वलयांची जाडी मोजावी आणि सरासरी काढून ती पट्ट्यावरून काढलेल्या आकड्याशी जुळवावी. एका दिशेचे माप पुरत नाही, कारण खोड क्वचितच पूर्ण गोल असते आणि उतारावरच्या झाडाचे वलय सगळीकडे सारख्या जाडीचे नसते.

पट्ट्याची देखभाल

दरवर्षी मे महिन्यात सर्व पट्टे तपासावेत. वाळवीची माती आणि मुंग्यांची घरटी काढावीत, पट्ट्यावरून चढलेले वेल बाजूला करावेत आणि स्प्रिंग फार ताणली गेली आहे का ते पाहावे. मोकळे टोक कडीपासून चार-पाच सेंटिमीटरवर आले की पट्टा बदलण्याची वेळ झाली, असे समजावे. जुना पट्टा लगेच काढू नये. नवा पट्टा त्याच्या चार बोटे वर बसवून निदान एक संपूर्ण पावसाळा दोन्ही पट्ट्यांची वाचने घ्यावीत, म्हणजे नवा पट्टा स्थिर झाल्याची खात्री होते आणि जुन्या नोंदींशी त्याचा सांधा जुळतो. नंतर जुना पट्टा पत्र्याच्या कात्रीने कापून काढावा. मोजणीचे काम कायमचे थांबवायचे असेल, तेव्हाही सर्व पट्टे आणि स्प्रिंगा आठवणीने काढून घ्याव्यात. स्प्रिंगची लांबी संपल्यानंतरही खोडावर राहिलेला पट्टा सालीत रुततो, काही वर्षांत झाड त्याच्यावरून लाकूड चढवते, आणि पुढे तो ओंडका करवतीवर गेला तर आतल्या पोलादाने पाते तुटून करवत चालवणाऱ्याला इजा होऊ शकते.